नानांचा तिकीटसंग्रह लिलावात विकला, त्याची गोष्ट

सासऱ्यांचा, म्हणजे नानांचा, टपाल तिकिटांचा संग्रह विकायचं ठरलं तेव्हा घरात तीन आकडे फिरत होते. सगळ्यात मोठा पुण्याच्या भावजींचा, कारण त्यांनी स्टॅन्ले गिबन्स या इंग्लंडच्या तिकीट व्यापाऱ्यांच्या कॅटलॉगमधल्या किमती पाहून बेरीज मारली होती. वन्संचा मधला. आणि सगळ्यात लहान यांचा, कारण सराफ्यातल्या एका जुन्या नाणीवाल्याने सगळं एकरकमी घ्यायची तयारी दाखवली होती आणि यांना माळा रिकामा हवा होता. काम अर्थातच माझ्याकडे आलं. बँकेतून निवृत्त झालेल्या सुनेला याद्या करायला कंटाळा येत नसतो, असा घरात समज आहे.

नाना इथे ग्वाल्हेरला बिर्लानगरच्या जियाजीराव कॉटन मिलमध्ये हिशेब खात्यात होते. महाराज बाड्यावरच्या मोठ्या पोस्टात नवीन तिकीट आलं की फर्स्ट डे कव्हर, म्हणजे तिकीट लावून पहिल्याच दिवसाचा शिक्का मारलेलं पाकीट, घ्यायचंच, हा त्यांचा नेम. अशी कव्हरं खोकी भरून होती. शिवाय हंगेरी, पोलंडची रंगीत तिकिटं, आणि एका वेगळ्या हिरव्या आल्बममध्ये ग्वाल्हेर संस्थानची तिकिटं.

या हिरव्या आल्बमबद्दल थोडं सांगायला हवं, कारण इथल्याही पुष्कळ लोकांना हे ठाऊक नसतं. इंदूरच्या होळकरांनी १८८६ पासून स्वतःच्या चित्राची तिकिटं काढली. शिंद्यांनी तसं केलं नाही. इंग्रज सरकारशी टपालाचा करार झाला आणि १८८५ पासून हिंदुस्थान सरकारचीच तिकिटं ग्वाल्हेरचं नाव वर छापून इथे वापरात आली. चेहरा राणीचा, त्यावर नाव इंग्रजीत आणि नागरीत. सरकारी कामाच्या तिकिटांवर तर नुसती नागरी. या जादा छपाईला ओव्हरप्रिंट म्हणतात. संग्राहकांचा सगळा जीव या ओव्हरप्रिंटमध्येच. काही तिकिटांत इंग्रजी नाव कधी तेरा मिलिमीटर, कधी चौदा. त्यावरून किंमत बदलते. अगदी शेवटची छपाई १९४९ मध्ये इथल्याच आलीजाह प्रिंटिंग प्रेसमध्ये झाली. १९५१ उजाडलं आणि ही तिकिटं बाद झाली.

मी मुंबईच्या एका लिलाव संस्थेला यादी आणि फोटो पाठवले. परदेशातल्या संस्थांकडे जास्त भाव येतो असं भावजींचं म्हणणं होतं. पण शंभर वर्षांहून जुन्या वस्तू देशाबाहेर पाठवायच्या म्हटलं की १९७२ चा पुरावस्तू कायदा आडवा येऊ शकतो. दोनचार हजारांच्या तिकिटांसाठी तो वाद ओढवून घ्यायची माझी तयारी नव्हती. मुंबईहून उत्तर आलं त्यात दोनच सूचना होत्या: काही सोडवू नका, काही पुसू नका. आणि एक प्रश्न होता: ग्वाल्हेरच्या तिकिटांची जुनी पाकिटं आहेत का?

पाकिटं होती, ट्रंकेत. नानांचे आजोबा संस्थानच्या महसूल खात्यात, बदलीची नोकरी. भेलसा, शाजापूर, मंदसौर, उज्जैन असं कुठूनकुठून ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या घरी लिहिलेली पत्रं. काही पोस्टकार्डांवर शिंद्यांचं सूर्य-नागाचं चिन्ह, मजकूर मोडीत. नानांनी ती संग्रहात कधी धरलीच नव्हती, त्यांच्या दृष्टीने ते घरचे कागद.

सगळं घेऊन आम्ही दोघं पंजाब मेलने मुंबईला गेलो. कुरियरवर माझा विश्वास नाही, आणि विमा उतरवायचा तर आधी किंमत सांगावी लागते, तीच तर माहीत नव्हती. तिथल्या तज्ज्ञाने आल्बम चाळायला सुरुवात केली. हंगेरी-पोलंडच्या पानांवर तो थांबलाच नाही. गोंद शाबूत आणि वर नीट गोल शिक्का, म्हणजे ही तिकिटं पत्रावर कधी लागलीच नाहीत. संग्राहकांना विकण्यासाठी शिक्के मारूनच बाहेर काढलेली. फर्स्ट डे कव्हरं त्याने खोकं न उघडताच बाजूला ठेवली. सत्तर-ऐंशीच्या दशकांत ती इतकी निघाली आणि इतक्यांनी जपली, की घ्यायला कोणी उरलं नाही. हे ऐकताना यांचा चेहरा पाहवत नव्हता.

१९४८ च्या गांधीजींच्या तिकिटांचा चार नगांचा सेट होता, त्यातलं दहा रुपयांचं हे नानांचं मानाचं पान. ते खरं निघालं, वापरलेलं. पण मागून उजेड धरल्यावर एका कोपऱ्यात कागद पातळ दिसला. कधीतरी हिंज, म्हणजे तिकीट आल्बमला चिकटवायची कागदी पट्टी, ओढून काढताना पापुद्रा गेलेला. तेवढ्याने भाव निम्म्याच्या खाली. आमच्या पावसाळ्याने काही तिकिटांच्या दात्यांवर पिवळट डाग पडले होते, तेही त्याने एकेक दाखवले. ग्वाल्हेरच्या इंग्रजी नावात ‘ओ’च्या जागी ‘सी’ पडल्याची एक प्रसिद्ध चूक आहे. नानांनी एका तिकिटाखाली पेन्सिलीने तसं लिहून ठेवलं होतं. भिंगाखाली तो ‘ओ’च निघाला, उजवीकडे शाई कमी पडलेला.

मग त्याने ट्रंकेतली पाकिटं टेबलावर पसरली आणि शिक्के वाचत बसला. तिकीट साधं, अर्ध्या आण्याचं. पण एखाद्या आडगावच्या पोस्टाचा स्वच्छ, तारखेसकट वाचता येणारा शिक्का असेल तर घेणारे भांडतात, असं त्याचं म्हणणं. पाकीट आणि आतलं पत्र एकत्र असेल तर उत्तम.

इथे वन्सं आड आल्या. फोनवरच म्हणाल्या, “वहिनी, पाकिटं विका, पणजोबांची पत्रं नाही विकायची.” भावजींना हे भावुकपण वाटलं. मला त्यांचं पटलं, कारण त्या पत्रांत घरातल्या बायकांची आजारपणं आणि उसनवाऱ्या होत्या. पत्रं ठेवून पाकिटं दिली. पोस्टकार्डांचा मात्र इलाज नव्हता, मजकूर आणि तिकीट एकाच तुकड्यावर. त्यांचे फोटो काढून घेतले आणि तीही दिली.

कागदपत्रांत एक गोष्ट आधीच करून न्यावी: संग्रह वारशाने आलेला असेल तर सगळ्या वारसांच्या सह्यांचं संमतिपत्र. ते आम्ही नेलं होतं, म्हणून आधार, पॅन आणि रद्द केलेला चेक देऊन काम झालं. पावती घेताना प्रत्येक पानाचा फोटो पावतीला जोडून मागितला. त्यांनी कुरकुर न करता दिला.

करार मात्र बँकेच्या नजरेने वाचला. समजा एखाद्या लॉटवर, म्हणजे एकत्र बोलीला ठेवलेल्या नगावर, हातोडा दहा हजारांना पडला. विकणाऱ्याकडून पंधरा टक्के कमिशन, त्यावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे १,७७० वजा, हातात ८,२३०. घेणारा वरून संस्थेला स्वतःचा प्रीमियम, म्हणजे जादा आकार, भरतो तो वेगळा, आणि बोली लावताना तो हेही मनात धरतोच. फोटो, वर्णन यांचा वेगळा खर्च लावणार का, न विकलेल्या लॉटचे पैसे कापणार का, पैसे किती दिवसांत देणार, हे तिन्ही मी लिहून घेतलं. रिझर्व्ह, म्हणजे ज्याखाली विकायचं नाही ती किंमत, भावजींना उंच हवी होती. तज्ज्ञाचं म्हणणं उलट: सुरुवात खाली ठेवा, दोघांना हवं असेल तर तेच वर नेतील, एकालाच हवं असेल तर उंच रिझर्व्हने तोही जाईल. गांधीजींच्या सेटला भावजींच्या मनासारखी रिझर्व्ह ठेवली, बाकीचं त्याच्यावर सोडलं.

लिलाव आम्ही घरी लॅपटॉपवर पाहिला. एकेक लॉट मिनिटाच्या आत संपतो, चहा ढवळेपर्यंत दोन निघून जातात. हिरवा आल्बम अंदाजाच्या जवळपास गेला. गांधीजींच्या सेटवर एकही बोली नाही. शाजापूरच्या एका मळकट पाकिटावर दोघं अडून बसले आणि ते अंदाजाच्या कितीतरी पट वर गेलं. भावजी फोनवर विचारत होते, “वहिनी, त्या पाकिटावर तिकीट कुठलं होतं?” अर्ध्या आण्याचंच होतं.

सगळं मिळून रक्कम यांच्या आकड्याच्या बरीच वर आणि भावजींच्या आकड्याच्या बरीच खाली राहिली. कराराप्रमाणे पैसे वेळेत आले, तिघांत वाटले. रंगीत परदेशी तिकिटं तिथल्याच एका व्यापाऱ्याने वजनावर घेतली. फर्स्ट डे कव्हरं परत आणावी लागली आणि पुन्हा माळ्यावर गेली. यांचं त्यावर काही म्हणणं नाही. गांधीजींचा सेट पुढच्या लिलावात रिझर्व्ह उतरवून ठेवायचा का, याचं उत्तर भावजींनी अजून दिलेलं नाही.