पान ५ : अखेर गोलेम वाकला

दीड महिना अडून बसलेलं पान ५ काल रात्री सुटलं!

माझ्या कॉमिकमधला प्रसंग तुम्हाला आठवत असेल. १९४१, न्यूयॉर्क, माझी पात्रं असलेली दोन पोरं गोलेमचं, म्हणजे ज्यू दंतकथेतल्या जिवंत केलेल्या मातीच्या पुतळ्याचं, कॉमिक काढतायत. पान ५ वर रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, मातीच्या त्या पुतळ्याच्या कपाळावरचं पहिलं अक्षर पुसतो. हिब्रूत ‘एमेत’ म्हणजे सत्य. त्यातलं आलेफ गेलं की उरतं ‘मेत’, मेलेला. पण माझा गोलेम पानभर उंच. रब्बीला स्टुलावर चढवलं, जिन्यात उभं केलं, तरी प्रसंगातला धाकच निघून जायचा. त्यात पेन्सिलिंग करताना आलेफ डावीकडे पडलं. हिब्रू उजवीकडून लिहितात हे माहीत असूनही हात देवनागरीच्या सवयीने गेला. खोडून खोडून कागदाचे तंतू वर आले आणि शाई फुटली. हा कार्ट्रिज पेपर, म्हणजे चित्रकलेचा जाड कागद, जिथून घेतला त्या दुकानातून परत आणणार नाही.

वाट दाखवली ती जर्मन लोककथा गोळा करणाऱ्या याकोब ग्रिमने १८०८ मध्ये नोंदवलेल्या कथेने. त्यातला गोलेमही वाढत जातो, मालकाचा हात कपाळाला पोचेनासा होतो. मग मालक म्हणतो, माझे बूट काढ. गोलेम वाकतो, अक्षर पुसलं जातं आणि सगळी माती मालकाच्याच अंगावर कोसळते.

आता चौकट रब्बीच्या खांद्यामागून घेतलीय. उजव्या हाताचा अंगठा नेमका आलेफवर येतो. उरलेली दोन अक्षरं तशीच राहिली, कारण मेमचं, म्हणजे हिब्रू ‘म’चं, रूप फक्त शब्दाच्या शेवटी बदलतं. पुसल्याची खूण ३ नंबरच्या सेबल ब्रशने काढली, शाई टिपून, जवळजवळ कोरडा ओढून. ओल्या मातीवर अंगठा फिरल्यासारखे पट्टे उमटले. तेवढं दीड इंच सकाळपासून चारदा बघून झालं. मातीला क्रोक्विल, म्हणजे बारीक टोकाचा टाक, नकोच, हे माझं ठाम मत.

अडचण एकच. प्रागच्या रब्बी लोवच्या कथेत बूट नाहीत. त्याच्या गोलेमच्या तोंडात देवाच्या नावाची चिठ्ठी असते. बूट पोलंडमधल्या खेल्मच्या रब्बी एलियाच्या कथेतले. आणि पान २ वर प्रागच्या व्लतावा नदीचा काठ इंक करून झालाय. तो पुन्हा काढायचा, असंच हे लिहायला बसताना ठरवलं होतं.

पण थांबा. एका पोराची आजी प्रागची, दुसऱ्याची खेल्मची केली तर? पानं २ ते ४ पहिल्याची. पान ५ वर दुसरा पेन्सिल हिसकावतो, ‘असं नाही झालं!’ टेबलावर मार्च १९४१ चा ‘कॅप्टन अमेरिका’चा पहिला अंक, हिटलरला ठोसा मारणारा. तो काढणाऱ्या सायमन-कर्बी जोडीच्या पात्रांसारखी माझी मातीही चौकटीबाहेर पडेल, थेट पान ६ वर. आज रात्री थंबनेल, म्हणजे पानाचं छोटं कच्चं चित्र, काढायला घेतो.