बेकी हॅमनचे दुसरे पारपत्र

शनिवार, रात्री उशिरा

दुपारी दादाचा टोरांटोहून फोन आला. काल त्याने कॅनडाच्या नागरिकत्वाची शपथ घेतली आणि त्या शपथेत राजे चार्ल्स तिसरे व त्यांचे वारसदार यांच्याशी एकनिष्ठ राहण्याचे वचन द्यावे लागते, हे त्याने हसत हसत सांगितले. आमचे आजोबा बेचाळीसच्या चळवळीत सात महिने येरवड्याला होते. आईला हे ऐकून काय वाटले ते कळले नाही, कारण तिने लगेच तिकडच्या थंडीचा विषय काढला. आता त्याला भारतीय पारपत्र परत करावे लागेल. आपल्या कायद्यात दोन नागरिकत्वे एकत्र नांदत नाहीत.

फोन ठेवल्यापासून माझ्या मनात मात्र बेकी हॅमन आहे. महाविद्यालयाच्या बास्केटबॉल संघात मी गार्ड, म्हणजे चेंडू खेळवत पुढे नेणारी खेळाडू, होते, संघातली सर्वांत बुटकी, आणि पाच फूट सहा इंच उंचीच्या या अमेरिकी गार्डबद्दल मला तेव्हापासून आपुलकी आहे. 1999 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगचे संघ नव्या खेळाडू निवडतात तेव्हा, तिला एकाही संघाने निवडले नव्हते. न्यूयॉर्क लिबर्टी या संघात तिने अक्षरशः मागच्या दाराने प्रवेश मिळवला, आठ वर्षांनी ती सॅन अँटोनियोच्या संघाकडे गेली आणि 2007 च्या हंगामात सर्वोत्कृष्ट खेळाडूच्या मतदानात दुसरी आली. त्याच वर्षी अमेरिकेने ऑलिंपिकसाठी 23 संभाव्य खेळाडूंची यादी केली, तीत तिचे नाव नव्हते. पुढच्या वर्षी, 31 व्या वर्षी, ती रशियाची नागरिक झाली आणि बीजिंगला रशियाकडून खेळली. अमेरिकेचे नागरिकत्व तिने सोडले नाही. दादापुढे आहे तशी निवड करण्याची वेळ तिच्यावर आली नाही.

तिचा रशियाशी रक्ताचा काही संबंध नव्हता, संबंध होता तो पगाराचा, आणि हे लपवण्यात अर्थ नाही. अमेरिकेतील महिलांच्या व्यावसायिक लीगमध्ये त्या काळी अव्वल खेळाडूलाही हंगामाचे एक लाख डॉलर मिळत नसत. म्हणून उन्हाळा संपला की तिथल्या नामवंत खेळाडू मॉस्को, इस्तंबूल अशा ठिकाणच्या क्लबांकडे जात. रशियन लीगमध्ये अमेरिकी खेळाडूंच्या संख्येला मर्यादा होती. रशियन पारपत्र असलेली हॅमन त्या मर्यादेत मोजली जात नसे, त्यामुळे सीएसकेए मॉस्को या तिच्या क्लबला ती दुप्पट मोलाची झाली. राष्ट्रीय संघाच्या बाबतीत आंतरराष्ट्रीय महासंघ प्रत्येक देशाला अशी एकच आयात खेळाडू घेऊ देतो. रशियाला नेमका चांगला गार्ड हवा होता.

अमेरिकेच्या प्रशिक्षक ॲन डोनोव्हन यांना हे सहन झाले नाही. जी या देशात वाढली, इथेच राहते आणि खेळते, तिने रशियाचा गणवेश चढवला तर माझ्या लेखी ती देशभक्त नाही, अशा आशयाचे त्या जाहीरपणे बोलल्या. बरीच वर्षे मला हे वाक्य केवळ दुष्टपणाचे वाटत असे. पुढे वाचनात आले की डोनोव्हन स्वतः 1980 च्या अमेरिकी ऑलिंपिक संघात निवडल्या गेल्या होत्या आणि ती स्पर्धा होती मॉस्कोला. सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या म्हणून अमेरिकेने बहिष्कार घातला आणि अठरा वर्षांच्या त्या मुलीला घरी बसावे लागले. 1984 ला सोव्हिएत संघ आला नाही, 1988 ला सोलच्या उपांत्य सामन्यात तो समोर आला तेव्हा अमेरिकेने त्याला हरवले. एका गणवेशाच्या विरोधात जिचे सगळे तारुण्य गेले, तिला तो आपल्याच मुलीच्या अंगावर दिसला तर घशाखाली उतरणार कसा?

आणि ही मुलगी होती कुठली? साउथ डकोटातील रॅपिड सिटीची. तिच्या लहानपणी त्या भागातील माळरानाखाली दीडशे मिनिटमन क्षेपणास्त्रे सोव्हिएत संघाच्या रोखाने सज्ज उभी होती. ती शाळेत असतानाच शीतयुद्ध संपले आणि ती क्षेपणास्त्रे काढून घेण्यात आली. डोनोव्हन यांच्यासाठी रशिया हा शत्रू होता, हॅमनसाठी तो हिवाळ्यातल्या नोकरीचा पत्ता होता. दोघींमध्ये वयाचे अंतर पंधरा-सोळा वर्षांचेच आहे.

‘ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी’ असे आपल्याकडे थोड्या कुत्सितपणेच म्हणतात. मला हॅमनच्या वागण्यात तो लाचार सूर कधी ऐकू आला नाही. तिला ऑलिंपिक खेळायचे होते आणि ज्या देशाने जागा दिली त्याच्याकडून ती खेळली. जे. आर. होल्डन हा अमेरिकी गार्ड 2003 पासून रशियाचा नागरिक होता, 2007 च्या युरोपियन अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात माद्रिदला स्पेनविरुद्ध त्याच्याच बास्केटमुळे रशिया 60-59 असा जिंकला, आणि तोही बीजिंगला होता. त्याच्या देशभक्तीवरून एवढा गदारोळ झाल्याचे मला आठवत नाही.

बीजिंगच्या उपांत्य सामन्यात अमेरिकेने रशियाला 67-52 असे हरवले. हॅमनचे गुण फक्त तीन. दोन दिवसांनी यजमान चीनविरुद्ध कांस्यपदकाच्या सामन्यात तिने 22 गुण केले आणि रशिया 94-81 असा जिंकला. या दोन आकड्यांवरून तिच्या मनाचा ठाव घेण्याचा मोह मला अनेकदा झाला आहे, पण गार्डचा एखादा दिवस हात बसत नाही, हे मी स्वतःच्या अनुभवावरून जाणते. 2012 ला लंडनमध्ये ती पुन्हा रशियाकडून खेळली, पदक मिळाले नाही. पुढे 2014 मध्ये सॅन अँटोनियो स्पर्सने तिला साहाय्यक प्रशिक्षक नेमले. अमेरिकेतील पुरुषांच्या लीगमध्ये पूर्णवेळ पगारी साहाय्यक झालेली ती पहिली स्त्री. एव्हाना तिच्या गणवेशाचा वाद कोणी फारसा काढत नव्हते.

मला राहून राहून आठवते ते बीजिंगचे पदकवितरण. सुवर्णपदक अमेरिकेचे, म्हणून राष्ट्रगीतही अमेरिकेचेच, आणि ते वाजत असताना बेकी हॅमन रशियाच्या पोशाखात, कांस्यपदक गळ्यात घालून उभी. त्या संघात ते गीत लहानपणापासून तोंडपाठ असलेली तीच एकटी असावी.

झोपण्यापूर्वी आईने विचारले, शपथ झाल्यावर तिथे राष्ट्रगीत लावतात का, आणि दादाला ते सगळे म्हणता आले का. उद्या फोन करून विचारते, असे मी तिला सांगितले आहे.