परळचं हाफकिन

परळ स्टेशनवर उतरून आचार्य दोंदे मार्गाला लागलं की दिसतात ते पेशंटचे नातेवाईक. केईएम, टाटा, वाडिया, सगळी हॉस्पिटलं इथंच. कुणी फाइल छातीशी धरून उभं, कुणी गावाहून आणलेल्या पिशवीवर डोकं टेकून आडवं झालेलं. याच भागात रोगजंतू आणि लशींवर संशोधन करणारी हाफकिन संस्था आहे. बसमधून ही पाटी नेहमी दिसायची. यावेळी मुद्दाम तिच्यासाठीच आलो.

जुनी इमारत एकेकाळी गव्हर्नरचा बंगला होती. १८९९ मध्ये तिथं जंतुशास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन यांची प्रयोगशाळा आली. हा माणूस मूळचा आजच्या युक्रेनमधल्या ओडेसाचा, ज्यू. १८९६ मध्ये मांडवीत प्लेग फुटला, लोक मुंबई सोडून पळत होते आणि हे कलकत्त्याहून उलट इथं आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात बसायला एक खोली न् व्हरांडा, मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. तेवढ्यावर त्यांनी जे केलं ते वाचून मी थक्क झालो. मांसाच्या पाण्यात प्लेगचे जंतू वाढवायचे, वर तुपाचे थेंब सोडायचे. त्या थेंबांना धरून जंतूंच्या लांब लोंब्या खाली लोंबतात. चंबू हलवून त्या पाडायच्या, पुन्हा वाढू द्यायच्या, शेवटी सगळं तापवून जंतू मारायचे. झाली लस! १० जानेवारी १८९७ रोजी ती त्यांनी आधी स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगातले कैदी स्वतःहून पुढे आले.

पण १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवालला एकाच बाटलीतली लस घेतलेली १९ माणसं धनुर्वातानं दगावली. ठपका हाफकिन यांच्यावर आला, काम हातातून गेलं. बाटली उघडताना जमिनीवर पडलेला चिमटा नीट निर्जंतुक न करताच वापरला होता, हे त्यांच्या बाजूनं मांडलं जात असूनही निर्दोष ठरायला १९०७ उजाडलं. तोवर त्यांचीच लस लाखोंना टोचली जात होती. मला हा अन्याय अजून सहन होत नाही.

पुढे या आवारात सर्पदंशावरची लसही तयार होऊ लागली. नाग, मण्यार, घोणस, फुरसं. कोकणात भाताच्या खाचरात उतरणाऱ्याला तिचं मोल सांगावं लागत नाही.

संस्थेला त्यांचं नाव १९२५ मध्ये मिळालं. तेव्हा ते युरोपात होते, हयात होते. मुंबईच्या कामात आयुष्यातली सर्वांत चांगली वर्षं गेली, असं त्यांनी तेव्हा कळवलं होतं.