तंबोऱ्याची जवारी माइकनं खाल्ली: एपिसोड ३ ते ५ चा लॉग

मंडळी, मागचा लॉग टाकून अडीच महिने झाले, तेवढ्यात आमच्या व्हिडिओ मालिकेचे एपिसोड तीन, चार, पाच तिन्ही झाले पण तीन नंबर दोनदा शूट करावा लागला आणि आज जास्त करून त्याचंच लिहितोय, कारण वाद्य रेकॉर्ड करणाऱ्या कुणाचा तरी एक रविवार त्यामुळे वाचेल.

नवीन असाल तर थोडक्यात. मी आणि माझा मावसभाऊ, दोघं मिरजेचे, दोघांच्या नोकऱ्या वेगळ्याच, शूटिंग फक्त रविवारी. विषय एकच, तंतुवाद्यं बनवणारी माणसं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ ला जीआय (त्या गावाचीच खास वस्तू असल्याचं सरकारी मानांकन) मिळालं तेव्हा बातम्या आल्या, दोन मिनिटांच्या, छान होत्या, पण पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेला भोपळा निवडताना हात कुठं फिरतो, जवारी, म्हणजे तारेचा तो लांबत जाणारा झणझणीत नाद, लावायला बसलेला माणूस नेमकं काय ऐकत असतो, हे निवांत तासभर बसून विचारलेलं आम्हाला कुठं सापडलं नाही. म्हणून सुरू केलं. ज्या गावात अब्दुल करीम खाँसाहेब राहिले, जिथं दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे, त्या गावात एवढं तर व्हायलाच पाहिजे असं आम्हा दोघांना मनापासून वाटतं.

आतापर्यंतचा खर्च: वायरवाले कॉलर माइक दोन १७००, वायरलेस माइकचा सेट २६००, ट्रायपॉड दोन १४००, एलईडी पॅनल १८००, मेमरी कार्ड ६००, कनेक्टर आणि एक्स्टेन्शन बोर्ड धरून ७००. एकूण ८८००. कॅमेरा म्हणजे आमचे दोघांचे फोन. एडिटिंग दा विंची रिझॉल्व्हच्या फ्री व्हर्जनवर, आवाजाचं काम ऑडॅसिटीवर, दोन्हीला पैसे लागत नाहीत.

आता एपिसोड तीन. पाहुणे म्हणजे एक बुजुर्ग कारागीर, आम्ही चाचा म्हणतो, त्यांच्या कारखान्यातच बसलो. वायरलेस सेट नवीनच आणलेला, त्यातलं नॉइज कॅन्सलेशन चालू ठेवलं आणि बोलणं इतकं स्वच्छ आलं की आम्ही दोघं खूश, रस्त्यावरच्या रिक्षा गायब, शेजारी कानस चालू होती ती गायब. शेवटी चाचांनी नुकताच तयार झालेला तंबोरा मांडीवर घेतला आणि चार-पाच मिनिटं छेडला. आम्ही समोर बसून ऐकत होतो, अंगावर काटा आलेला. घरी येऊन फाईल लावली तर प्रत्येक तारेचा पहिला टणत्कार तेवढा ऐकू येतोय आणि पुढचा नाद सेकंद-दीड सेकंदात आटून जातोय, जसं मोरीतून पाणी निघून जावं तसं, आणि खर्जाच्या तारेचं तर नुसतं ठप्प.

कारण शोधायला दोन दिवस गेले. ते नॉइज कॅन्सलेशन काय करतं तर जो आवाज बदलत राहतो तो माणसाचं बोलणं समजून ठेवतं आणि जो एकसारखा चालू राहतो तो पंखा किंवा एसी समजून पुसून टाकतं. आणि तंबोऱ्याचं कामच मुळी एकसारखं चालू राहायचं! म्हणजे आम्ही ज्याच्यासाठी गेलो होतो तेच मशीननं कचरा म्हणून काढलं. त्यात माइकला लो कट पण चालू होता, ८० हर्ट्झच्या खालचं कापणारा. पुरुषी तंबोरा काळी एकला (पेटीची पहिली काळी पट्टी) लावला तर खर्जाचा मूळ स्वर ६९ हर्ट्झच्या आसपास येतो, म्हणजे तोही कात्रीत सापडला. वर फोनचं ऑटो गेन, आवाज वाढला की दाबायचं, कमी झाला की उचलायचं.

तरी आम्ही तो कट चाचांना दाखवायला नेला, पाहुण्याला दाखवल्याशिवाय एपिसोड चढवायचा नाही हा नियम पहिल्यापासून आहे. त्यांनी हेडफोन लावला, बोलण्याचा भाग हसत हसत ऐकला, मग तंबोरा आला आणि हेडफोन काढून म्हणाले, "बेटा, ह्याची जवारी कुणी काढली?" बाकी काही नाही. ज्या माणसानं घोडीचा (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) माथा घासून घासून, तारेखाली सुताचा धागा केसाएवढा पुढं-मागं सरकवून ती जवारी आणली, त्याला आम्ही ती नसलेला आवाज ऐकवला होता. त्या रात्री मला झोप लागली नाही खरंच. ज्यांनी कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, तंबोऱ्याची घोडी सपाट दिसली तरी माथ्याला बारीक उतार असतो, कंप पावणारी तार त्या उताराला हलकेच स्पर्श करत राहते आणि त्यातून वरचे स्वर फुटतात, धागा त्या स्पर्शाची जागा ठरवतो. धागा काढून घ्या, तोच तंबोरा बंद बंद वाजतो. आमच्या फाईलमध्ये तेच झालेलं.

मग दुसऱ्यांदा. चाचांनी लगेच हो म्हटलं हे त्यांचं मोठेपण. यावेळी बोलण्याला वायरलेसच ठेवला पण नॉइज कॅन्सलेशन बंद, लो कट बंद. तंबोऱ्याला मात्र वायरवाला कॉलर माइक, सहा मीटर वायर असते त्याला त्यामुळे फ्रेमच्या बाहेरून आणता येतो, तो जुन्या फोनला लावला आणि ४८ किलोहर्ट्झ, वेव्ह फाईल, ऑटो गेन बंद. माइक कुठं ठेवायचा यावर सकाळ गेली. भोपळ्याजवळ ठेवला की नुसतं घुमतं. घोडीच्या अगदी जवळ गेलं की बोटाचा आणि तारेचा धातूसारखा आवाज पुढं येतो. शेवटी घोडीच्या समोर साधारण दीड फुटावर, तोंड तबलीकडे (भोपळ्यावरची लाकडी झाकण-फळी), ट्रायपॉडला रबर लावून बांधला, तिथं बसलं. सर्वात मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या वर जाऊ दिला नाही (शून्याला आवाज फाटतो). यावेळी रेकॉर्ड करताना कानाला हेडफोन होता, वायरचा, ब्लूटूथ नाही कारण त्यात आवाज उशिरा येतो. पहिल्या वेळी नुसता हेडफोन लावला असता तरी तिथल्या तिथं कळलं असतं हे लिहून ठेवतो.

शेजारच्या कारखान्यातली कानस ऐकू येते यात. ठेवली. मावसभाऊ म्हणत होता काढूया, मी म्हटलं त्या गल्लीत तंबोरा असाच ऐकू येतो, आणि शिवाय काढायला गेलं की परत जवारीला हात लागणार. एडिटमध्ये तंबोऱ्याच्या ट्रॅकला नॉइज रिडक्शन नाही, कॉम्प्रेसरही नाही, नाहीतर प्रत्येक छेडीला आवाज श्वास घेतल्यासारखा वरखाली होतो. फक्त पूर्ण एपिसोड उणे १४ लफ्सला (एकूण आवाज किती मोठा ते मोजायचं माप) आणला. आणि गंमत बघा, मोबाइलच्या स्पीकरमधून ६९ हर्ट्झ निघतच नाही, तरी खर्ज ऐकू येतो, कारण वरचे स्वर शाबूत असले की खालचा आपला मेंदू भरून काढतो. म्हणजे जवारी वाचली तर खर्ज पण वाचतो.

दाखवलं चाचांना. डोळे मिटून पूर्ण ऐकलं. "आता माझा आहे," म्हणाले.

चित्राचं थोडं. ट्यूबलाइटखाली फोन ३० फ्रेमवर ठेवला की पडद्यावर पट्टे सरकतात, आपल्याकडे वीज ५० हर्ट्झ म्हणून २५ फ्रेम आणि शटर १/५०, पट्टे गेले. दुसरं म्हणजे तारांचा क्लोजअप. उन्हात शटर आपोआप खूप फास्ट होतं आणि तारा रबरासारख्या लाटा मारताना दिसतात, प्रत्यक्षात तार तशी हलत नाही, फोनचा सेन्सर चित्र ओळीओळीनं वाचतो म्हणून. बघणाऱ्याला वाटेल इफेक्ट टाकलाय. सावलीत बसवून, शटर १/५० ला लॉक करून घेतलं, आता तार धूसर थरथरते, डोळ्याला दिसते तशी.

एपिसोड चार तंबोऱ्याच्या गवाणी आणि दांडी या भागांच्या लाकडावर, तूण लाकूड, तो ठीक झाला, फार सांगण्यासारखं नाही. फक्त एप्रिलमधलं ऊन, आवाजासाठी पंखा बंद, आणि बाविसाव्या मिनिटाला एक फोन तापून बंद. तेव्हापासून कव्हर काढतो, एअरप्लेन मोड, ब्राइटनेस खाली, चार्जिंगला लावून शूट करत नाही आणि दर वीस मिनिटाला थांबतो. थांबल्यामुळे उलट बरं झालं, चहा होतो आणि पाहुणा चहाच्या वेळी जे बोलतो ते पुन्हा कॅमेऱ्यासमोर विचारता येतं.

एपिसोड पाचला सिंक सुटला. सुरुवातीच्या टाळीला ओठ आणि आवाज बरोबर, आणि पंचेचाळीस मिनिटांनी जवळजवळ अर्धा सेकंद फरक. फोन फ्रेम रेट एकसारखा ठेवत नाही, कमीजास्त करतो, त्यामुळे. आता सगळे क्लिप आधी हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरमधून कॉन्स्टंट (एकसारख्या) फ्रेम रेटला काढतो मगच टाइमलाइनवर, आणि टाळी शेवटी पण वाजवतो म्हणजे किती सुटलं ते मोजता येतं. आणि हो, सगळे गप्प बसून एक मिनिट नुसती खोली रेकॉर्ड करायची, कट जोडताना तो तुकडा फार कामाला येतो.

पुढचा रविवार भोपळा कापायचा. वाळलेला भोपळा भिजवून मऊ करतात, मग कापून आतून काड्या लावून आकार देतात, हे दोन-तीन दिवसांचं काम आहे आणि आम्हाला मिळणार एकच दिवस, त्यामुळे चाचा म्हणालेत की तीन भोपळे तीन टप्प्यांवर तयार ठेवतो, तुम्ही सकाळी सातला या, आठनंतर गल्लीत कानस सुरू होते. माइक भोपळ्याच्या आत ठेवून कापण्याचा आवाज घ्यायचा विचार आहे, कुणी असं पोकळ वस्तूच्या आतून रेकॉर्ड केलं असेल तर लेव्हल किती ठेवली ते शनिवारच्या आत नक्की सांगा.