बेताने म्हणजे किती?

शेफमंडळींच्या पाककृती पुस्तकात जाण्याआधी घरी करून बघायच्या, हे माझं काम. प्रवासात असो नाहीतर दातांच्या डॉक्टरकडे, ते कुणाला कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला: ‘टीव्हीवरचे हे नावाजलेले शेफ आधी अर्धी वाटी लोणी ओततात आणि मग बेताने खा म्हणतात. यांचं ऐकायचं का हो?’ विचारणाऱ्याच्या आवाजात ‘लोकां सांगे ब्रह्मज्ञान’ असतंच. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा सविस्तर सांगते.

ऐका. पण तो बेत किती चमच्यांचा, हे सांगितलं असेल तरच.

एका शेफने पाककृतीत लिहिलं होतं, ‘तेलाची धार’. बस, एवढंच. किती ते विचारलं, तर म्हणाला, ‘अहो, थोडीशी.’ शेवटी मी वजनकाटा घेऊन त्याच्या स्वयंपाकघरात गेले. तेलाची बाटली काट्यावर ठेवली, आकडा टिपून घेतला आणि म्हटलं, धरा धार, नेहमी धरता तशी. त्याने बाटली हातभर उंच उचलली, झोकात पॅनवर एक गिरकी दिली. बाटली परत काट्यावर. ४२ ग्रॅम गेले होते. मोठ्या चमच्यात साधारण १४ ग्रॅम तेल मावतं, म्हणजे तीन भरलेले चमचे, पावणेचारशेच्या आसपास कॅलरी, आणि पॅनमध्ये अजून कांदासुद्धा पडला नव्हता. तो काट्याकडे बघतच राहिला. खोटं बोलत नव्हता बिचारा, त्याच्या हाताला ती ‘थोडीशी’च वाटत होती.

या हाताचाही फार दोष नाही. रेस्टॉरंटच्या किचनमध्ये सॉस उतरवायच्या आधी थंड लोण्याचे तुकडे टाकून पॅन फिरवत राहतात. सॉसला दाटपणा येतो, तकाकी येते. मीठ तर प्रत्येक टप्प्याला चिमूट चिमूट पडतच असतं. बाहेर जेवायला येणारा रोज थोडाच येतो, तेव्हा तिथे ते चालून जातं. तीच कृती पुस्तकात छापली की घरोघरी आठवड्यातून दोनदा होते. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा. ‘मीठ चवीनुसार’ या दोन शब्दांत तो चमचा कधी उलटून जातो, कळत नाही.

डिसेंबर २०१२मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक अभ्यास आला होता. ब्रिटनमधल्या टीव्ही शेफांच्या पुस्तकांतल्या १०० पाककृती आणि सुपरमार्केटमधली १०० तयार जेवणं शेजारीशेजारी ठेवून जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांवर तपासली. सगळे निकष पार करणारं एकही निघालं नाही. वर शेफांच्या पाककृतींत दर वाढणीमागे कॅलरी आणि चरबी तयार जेवणापेक्षा जास्त, तंतुमय घटक (फायबर) कमी. आम्हा तपासनिसांसाठी हे काही भूषणावह नव्हतं.

म्हणून नुसतं ‘बेताने’ मला पोकळ वाटतं. अमेरिकेतल्या टीव्ही शेफ पॉला डीन लोण्यासाठीच प्रसिद्ध. आपल्याला टाइप २ मधुमेह असल्याचं त्यांनी जानेवारी २०१२मध्ये जाहीर केलं. आजाराचं निदान तीन वर्षांपूर्वीच झालेलं होतं, आणि जाहीर करताना मधुमेहाच्या औषधकंपनीशी करारही झाला होता. टीका झाली तेव्हा त्यांचं म्हणणं असं, की मी तर बेतानेच खायला सांगत आले. सांगत असतीलही. पण पॅनमध्ये पडणाऱ्या लोण्याने ते कधी ऐकलं नाही. (आजारावरून कुणाला बोलू नये, आणि मी बोलतही नाही. माझा राग त्या तीन वर्षांवर आहे.)

अमेरिकेला टीव्हीवरून फ्रेंच स्वयंपाक शिकवणाऱ्या ज्यूलिया चाइल्ड यांनाही लोणी प्रिय. पण त्यांचा सल्ला कसा होता बघा: थोडं वाढून घ्या, दुसऱ्यांदा घेऊ नका, अधूनमधून चरू नका, सगळं थोडं थोडं चाखा. हे पाळता येतं. पाळलं की नाही, हे रात्री आठवून सांगताही येतं. २००४मध्ये त्या गेल्या, तेव्हा त्यांच्या ९२व्या वाढदिवसाला दोनच दिवस होते. ते लोण्यामुळे की लोणी असूनही, या वादात मी पडत नाही.

माझ्या मते याहून कठीण काम फ्रान्सचे शेफ मिशेल गेरार यांनी केलं. १९७६मध्ये त्यांचं हलक्या स्वयंपाकावरचं पुस्तक आलं. मैदा आणि क्रीम घालून सॉस दाट करण्याऐवजी त्यांनी शिजवून वाटलेल्या भाज्या वापरल्या. कमी खा असं सांगत बसण्यापेक्षा सॉसच बदलला, आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या रेस्टॉरंटला ‘मिशलँ’ या रेस्टॉरंट-मार्गदर्शिकेचा तिसरा, म्हणजे सर्वोच्च, तारा मिळाला. ब्रिटनचा टीव्ही शेफ जेमी ऑलिव्हर याने आणखी वेगळी वाट धरली. २००५मध्ये ब्रिटनच्या शाळांमधल्या जेवणासाठी त्याने पावणेतीन लाखांच्या आसपास सह्या पंतप्रधानांच्या दारी नेल्या. २०१५मध्ये स्वतःच्या रेस्टॉरंटांत साखरेच्या पेयांवर १० पेन्स जादा लावले. सरकारनेच अशा पेयांवर कर बसवला तो एप्रिल २०१८पासून. त्याचा तो मास्तरकीचा सूर मला सोसत नाही, पण १० पेन्स हा निदान एक आकडा आहे.

तर माझ्या त्या धारवाल्या शेफची गोष्ट राहिली. काट्यावरचा आकडा बघून तो चांगलाच वरमला होता. ‘पुस्तकात प्रत्येक पाककृतीत वाढणीमागची कॅलरी छापूया, लोकांना जबाबदारीने खाता यायला हवं,’ असं तोच म्हणाला. मला बरं वाटलं. महिन्याभराने सुधारलेला मजकूर आला. तेल : तीन मोठे चमचे. चला, धारेला निदान आकडा तरी मिळाला. खाली कॅलरीचा आकडाही चांगलाच उतरला होता. कसा उतरला म्हणून मी वरपासून पुन्हा एकेक ओळ ताडून पाहिली. बाकी सगळं जसंच्या तसं होतं, फक्त ‘चार जणांसाठी’च्या जागी ‘सहा जणांसाठी’ आलं होतं.