एकट्याने दोन दिवस जायचं, पण दमून परतायचं नाही

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. प्रश्न नेहमीचाच: शनिवार-रविवार एकट्याने शांत ठिकाणी गेलं, तरी सोमवारी अंग आंबलेलंच का असतं?

बहुतेक वेळा दोष ठिकाणाचा नसतो, अंतराचा असतो. घराच्या दारापासून खोलीच्या दारापर्यंत तीन तासांच्या आतलंच ठिकाण निवडा. वाट बघणं, गाडी बदलणं, शेवटचं वाहन शोधणं हे सगळं त्या तीन तासांत धरायचं. पाच तासांवरची जागा कितीही सुंदर असली, तरी जाऊन-येऊन दहा तास बसण्यातच जातात.

आणि शक्य असेल तर शुक्रवारी रात्रीच पोहोचा. अनोळखी जागी पहिल्या रात्री झोप कच्ची लागते. ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2016 मध्ये दाखवलं, की पहिल्या रात्री गाढ झोपेतही मेंदूची एक बाजू (त्यांच्या प्रयोगात डावी) कमी गाढ झोपते आणि बारीकशा आवाजालाही चटकन सावध होते. शनिवारी पोहोचलात तर तुमच्या वाट्याला ती एकच कच्ची रात्र येते. शुक्रवारी पोहोचलात तर शनिवारची रात्र दुसरी ठरते, आणि खरी विश्रांती तिच्यातच मिळते. घरचा उशीचा अभ्रा आणि इअरप्लग सोबत घ्या. झोपायची वेळही घरचीच ठेवा.

खोली ठरवताना ‘शांत आहे का?’ असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. खिडकी कुठल्या बाजूला उघडते, जनरेटर कुठे आहे, त्या दिवशी तिथे लग्न किंवा मोठा ग्रुप आहे का, हे विचारा. लिफ्ट आणि जिन्यापासून लांबची, मागच्या बाजूची खोली मागा. पोहोचल्यावर बॅग उघडण्याआधी दार लावून दोन मिनिटं नुसतं उभं राहा. पंपाची घरघर किंवा एसीची थरथर लगेच कळते. खोली बदलून घ्यायची ती तेव्हाच. सामान पसरलं की माणूस चालवून घेतो.

शनिवारी दुपारी डोकं दुखायला लागलं तर आधी चहा-कॉफीची वेळ आठवा. रोजचं कॅफीन चुकलं की साधारण 12 ते 24 तासांत डोकेदुखी सुरू होऊ शकते. उशिरा उठायचं असेल तरी पहिला कप फार लांबवू नका.

फोन पूर्ण बंद करण्याच्या मी विरुद्ध आहे. एकट्या माणसाला तो हाताशी हवा. नकाशा आधीच डाउनलोड करा आणि दिवसभरापुरता एअरप्लेन मोड लावा. बहुतेक फोनमध्ये जीपीएस तरीही चालतं. घरच्या एकाच माणसाला मुक्कामाचा पत्ता आणि नंबर देऊन ठेवा. त्याला स्पष्ट सांगा: रात्री नऊपर्यंत मेसेज आला नाही तर मला फोन कर, साडेदहापर्यंत लागला नाही तर मुक्कामाच्या ठिकाणी कर. एवढं ठरलं की दिवसभर कुणाला काही कळवत बसावं लागत नाही.

दिवसाला एकच काम ठेवा, आणि ते चालणं असेल तर उत्तम. डोंगरवाटेसाठी स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांचा 1892 चा हिशेब अजून कामाचा आहे: पाच किलोमीटरला एक तास, वर दर 600 मीटर चढाईला आणखी एक तास. हा हिशेब न थांबता चालणाऱ्याचा आहे, म्हणून एकट्याने जाताना त्यात तिसरा हिस्सा वाढवा. परत फिरायची वेळ निघतानाच ठरवा. टोक समोर दिसत असलं तरी त्या वेळेला वळायचं.

दुपारी तीन-चारच्या सुमारास रिकामेपणा अंगावर येतो. काहीच होत नाहीये असं वाटतं आणि हात फोनकडे जातो. इथेच बरेच जण घाईघाईने एखादा कार्यक्रम ठरवून दिवस भरून टाकतात. तसं करू नका. अर्धा-पाऊण तास ती चुळबुळ होऊ द्या. बहुतेक वेळा ती आपोआप ओसरते.

रविवारी चारपर्यंत घरी या. रात्रीचं जेवण आणि सोमवारचे कपडे शुक्रवारीच तयार करून ठेवलेले असू द्या.