तुम्ही विचारलंत म्हणून: कटूसाचा निळा देवमासा

"पाहुणे आले की तुम्ही त्यांना दर वेळी त्या माशाकडेच का नेता?" गेली पंचवीसेक वर्षं हा प्रश्न मी ऐकते आहे. विचारणाऱ्यांचंही काही चुकत नाही. लोक सांगली-साताऱ्याहून दोन विमानं बदलून अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा शहरापर्यंत येतात, आणि मी त्यांना वीस-पंचवीस मिनिटांवरच्या कटूसा गावी नेऊन तळ्यातला एक सिमेंटचा देवमासा दाखवते. परवा एका मैत्रिणीनं फोनवर पुन्हा तेच विचारलं, तेव्हा ठरवलं की एकदा नीट लिहूनच टाकावं.

मासा असा आहे. रस्त्याला लागूनच एक छोटं तळं, आणि त्याच्या काठाशी ८० फूट लांब, २० फूट उंच, निळाशार देवमासा. जबडा हसल्यासारखा उघडा आणि काठाकडे वळलेला. आपण पायवाटेनं त्या जबड्यातून सरळ आत चालत जातो. दोन्ही अंगांनी गोल झरोके, त्यांतून पाणी दिसतं. बाजूच्या परांवरून पाण्यात उतरणाऱ्या घसरगुंड्या, आणि शेपटीवर उडी मारायला चौथरा. आत भिंतीवरून हात फिरवून बघा. साच्यातून काढलेल्या सिमेंटचा गुळगुळीतपणा तिथे नाही. कुठे बोटांनी दाबल्यासारखं, कुठे थापीनं ओढल्यासारखं लागतं. कारण तो खरंच हातानं, बादली बादली सिमेंट कालवून लिंपलेला आहे.

लिंपणाऱ्याचं नाव ह्यू डेव्हिस. टल्साच्या प्राणिसंग्रहालयाचे ते अनेक वर्षं प्रमुख होते. त्यांच्या पत्नी झेल्टा यांना देवमाशांच्या छोट्या मूर्ती जमवायची हौस होती. निवृत्तीनंतर ह्यूंनी ठरवलं की लग्नाच्या ३४ व्या वाढदिवसाला हिला खराखुरा मोठा मासाच करून द्यायचा. लोखंडी पाइपांचा सांगाडा उभा केला, त्यावर सिमेंट चढवलं. दोनेक वर्षं काम चाललं आणि १९७२ मध्ये मासा पुरा झाला. शोकेसमध्ये मावणाऱ्या मूर्ती जमवणाऱ्या बाईसाठी एवढा मोठा मासा! मला ही गोष्ट पहिल्यांदा कळली तेव्हा मी कितीतरी वेळ नुसती त्या जबड्याकडे बघत बसले होते.

खरं तर तो घरच्यांपुरताच होता. पण आसपासची पोरं यायला लागली, हळूच पाण्यात शिरायला लागली. डेव्हिस पती-पत्नींनी त्यांना हाकललं नाही. उलट काठावर वाळू आणून टाकली, बाकं-टेबलं मांडली, पाण्यावर लक्ष ठेवायला माणसं नेमली आणि जागा सगळ्यांना खुली केली. शेजारी बायबलमधल्या नोहाच्या तारवासारखं, म्हणजे जहाजासारखं, एक लाकडी घर बांधलं. साप-मगरी दाखवायलाही होत्या, त्यामुळे शाळकरी मुलांच्या वाढदिवसांना ती जागा ठरलेलीच.

आता रस्त्याबद्दल थोडं सांगते, कारण हा मासा प्रवाशांना थांबवायलाच उभा केला अशी पुष्कळांची समजूत असते, आणि ती उलटी आहे. हा रस्ता म्हणजे रूट ६६. १९२६ साली आखलेला, शिकागोपासून कॅलिफोर्नियातल्या सँटा मोनिकापर्यंत सुमारे ३,९०० किलोमीटर. त्यासाठी खटपट केलेले सायरस एव्हरी आमच्या टल्साचेच. या रस्त्यावर प्रवाशांनी गाडी थांबवावी म्हणून लोकांनी काय काय उभं केलं! तंबूच्या आकाराच्या खोल्या, राक्षसाएवढे पुतळे, निऑनच्या पाट्या. पण आमच्या भागात १९५७ मध्येच विल रॉजर्स टर्नपाइक हा टोलचा मोठा रस्ता झाला आणि लांबची वाहतूक तिकडे वळली. आपल्याकडे एक्स्प्रेसवे झाल्यावर जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरच्या चहाच्या टपऱ्यांचं जे झालं, तसंच. १९८५ मध्ये तर ६६ हा क्रमांकच सरकारी नकाशावरून काढून टाकला. म्हणजे मासा झाला तेव्हा रस्त्याची भरभराट संपत आली होती. प्रवाशाला भुलवायला तो केलेलाच नव्हता. तो एका बाईसाठी होता, आणि मग गावच्या पोरांचा झाला. माझ्या मते पुढे तो वाचला तो यामुळेच.

१९८८ मध्ये जागा बंद झाली. डेव्हिस पती-पत्नी थकले होते, एवढं सगळं सांभाळणं होईना. १९९० मध्ये ह्यू गेले.

मी तो पहिल्यांदा पाहिला १९९६ मध्ये. नवीन लग्न, नवीन देश, आणि गाडी शिकायला मिळाली म्हणून रिकाम्या जुन्या रस्त्यावर सरावाला निघालो होतो. यजमान म्हणाले, "थांब, ते काय आहे बघू." तेव्हा त्याचा निळा रंग उडून पांढुरका झाला होता. पोपडे सुटले होते, जबड्याच्या कडेला चिरा, घसरगुंडीखाली झाडोरा, तळ्यावर शेवाळ. मला आमच्या गावची विहीर आठवली. वडिलांनी पाठीला वाळका भोपळा बांधून मला त्या विहिरीत ढकललं होतं, तिथेच मी पोहायला शिकले. पुढे घरोघरी नळ आले, विहिरीवर कुणी जाईना, आणि मी लग्न होऊन निघाले तोवर तिच्यात निर्माल्य आणि प्लास्टिकच्या पिशव्या तरंगत होत्या. परक्या देशात महिनाभर न आलेलं रडू त्या माशासमोर आलं. हे मी आजवर कुणा पाहुण्याला सांगितलेलं नाही.

पुढच्या काही वर्षांत मात्र कटूसाच्या लोकांनी मनावर घेतलं. लहानपणी ज्यांनी त्या शेपटीवरून उड्या मारल्या होत्या, ती मुलं आता चाळिशीकडे आली होती. गावानं पैसे जमवले, एका हॉटेल कंपनीचे कर्मचारी मदतीला आले, झाडोरा तोडला, चिरा बुजवल्या, रंग दिला. एके दिवशी त्या रस्त्यानं जाताना तो नवा निळा दिसला, आपण पांढऱ्या कपड्यांना देतो त्या निळीचा अगदी. मी गाडी बाजूला घेतली आणि नुसती बघत राहिले.

पण रंग एकदाच देऊन भागत नाही. ओक्लाहोमाचं ऊन आणि गारपीट तो टिकू देत नाही. गवत दर आठवड्याला कापावं लागतं, येणाऱ्याशी चार शब्द बोलावे लागतात. २००१ मध्ये झेल्टाबाई गेल्या. त्यानंतरही डेव्हिसांच्या मुलानं ही जागा कित्येक वर्षं सांभाळली. जीर्णोद्धाराचा समारंभ सगळ्यांच्या लक्षात राहतो, गवत कापणारा राहत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते. २०२० मध्ये कटूसा शहरानं ती विकत घेतली. आता तिथे पार्किंगमध्ये चार-पाच राज्यांच्या पाट्यांच्या गाड्या नेहमी दिसतात.

पोहणं मात्र परत आलं नाही. गळ टाकून मासे धरता येतात, खात बसता येतं, पाण्यात उतरायचं नाही. माझ्या मुलांनी हा मासा रंगवलेला, नीटनेटका पाहिला, पण त्याच्या घसरगुंडीवरून ती कधी पाण्यात पडली नाहीत. याची मला हळहळ वाटते.

गेल्या उन्हाळ्यात सांगलीची मावशी आली होती. वय ७४, गुडघे दुखतात. गाडीतच म्हणाली, "अगं, सिमेंटचाच ना मासा? मी इथेच बसते." तरी उतरली, माझा दंड धरून जबड्यातून आत गेली आणि थेट शेपटीपर्यंत चालली. तिथे तिच्याच वयाची एक गोरी बाई कठडा धरून उभी होती. आपण होऊन सांगू लागली की तिच्या दोन्ही मुली इथेच पोहायला शिकल्या, आणि धाकटी उडी मारायला घाबरायची तेव्हा ती स्वतः खाली पाण्यात उभी राहून हात पसरायची. मी मराठीत सांगितलं. मावशी लग्नाआधी कृष्णेत पोहलेली, घाटावरून उड्या मारणारी. तिनं वाकून खाली पाहिलं आणि मला म्हणाली, "तिला विचार, पाणी किती खोल होतं इथं?"

त्या बाईनं आधी छातीशी हात धरला, मग थोडा वर नेला, मग हसून हनुवटीला लावला. मावशीनं पदर खोचला, कठड्याला टेकली, आणि दोघी खाली वर येणाऱ्या कासवांकडे बघत उभ्या राहिल्या. मी गाडीतून पाण्याची बाटली आणायला गेले.